कृष्णकमळातले पाच आणि तीन

कृष्णकमळाचं फूल हातात आलं की घरातलं वडीलधारं कुणीतरी ते मुलांना मोजून दाखवतं. बाहेरची जांभळ्या तंतूंची झालर म्हणजे शंभर कौरव. तिच्या वर आडवे पसरलेले पाच पुंकेसर म्हणजे पांडव. मधला हिरवा गोळा म्हणजे द्रौपदी, कुणी म्हणतं श्रीकृष्ण. आणि सगळ्यांत वरची तीन गोल टोकं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. घरोघरी सांगण्यात थोडा फरक पडतो, पण पाच आणि तीन कुठेच बदलत नाहीत. ते सांगणाऱ्याच्या गोष्टीतून आलेले नाहीत, फुलातूनच आलेले आहेत.

हेच फूल युरोपात वेगळ्या तऱ्हेने वाचलं गेलं. त्याच्या इंग्रजी नावातला ‘पॅशन’ हा शब्द आवड किंवा आवेग या अर्थाचा नाही. ख्रिस्ताने क्रुसावर भोगलेल्या यातना असा त्याचा अर्थ. तिथे झालर झाली काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर झाले पाच जखमा, तीन टोकं झाली तीन खिळे. पाकळ्यांसारखी दिसणारी दहा दलं म्हणजे पीटर आणि ज्यूडास वगळून उरलेले दहा शिष्य. वेलीचे ताणे म्हणजे चाबकाचे फटके. गंमत अशी, की वेल या दोन्ही प्रदेशांतली नाही. पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातल्या. कमळाशी तर तिचं दूरचंही नातं नाही. परक्या मुलखातून आलेल्या एका फुलात दोन संस्कृतींनी आपापली गोष्ट शोधली, आणि दोघींनाही ती सापडली, कारण दोघींनी पाचाला पाच आणि तिनाला तीनच मानलं.

शंभराचं मात्र तसं नाही. झालरीत तंतूंची एकच रांग नसते, एकात एक अशी अनेक कडी असतात. बाहेरच्या कड्यांतले तंतू लांब, आतल्या कड्यांतले अगदी आखूड. एकूण संख्या जातीप्रमाणे बदलते. ख्रिस्ती परंपरेत त्यांना ७२ काटे म्हटलं गेलं, आपल्याकडे १००. डोळ्यांना ‘पुष्कळ’ एवढंच दिसलं आणि पुष्कळाचा आकडा ज्याने त्याने आपल्या कथेतून आणला. वनस्पतिचित्र काढणाऱ्याला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो: फुलाने दिलेली संख्या कोणती आणि आपण फुलाला दिलेली कोणती.

चुकलेलं चित्र

हा फरक विसरला की काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या धर्मगुरूंकडून या फुलाची वर्णनं आणि चित्रं रोमला पोचली. जाकोमो बोसिओ यांनी १६१० मध्ये क्रुसावरच्या आपल्या ग्रंथात त्याला मोठं स्थान दिलं. मग छापील आकृत्या फिरू लागल्या. त्यांतल्या काहींत झालरीच्या जागी खरोखरचा काटेरी मुकुट होता आणि कुक्षींच्या, म्हणजे वरच्या त्या तीन टोकांच्या, जागी लोहाराने घडवावेत तसे खिळे. चित्रकाराने फूल काढलंच नव्हतं. त्याने फुलाबद्दल ऐकलेलं प्रवचन काढलं होतं.

१६२९ मध्ये लंडनच्या जॉन पार्किन्सन यांनी आपल्या बागकामाच्या ग्रंथात ही जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची, आकृती छापली आणि प्रत्यक्ष वेलीवरून काढलेली आकृतीही छापली. दोन्हींची तुलना वाचकाने करावी, असा उद्देश. त्यांनी जेझुइटांवर कडक टीकाही केली. त्यात धर्मपंथांचं भांडण होतं हे खरं, पण मुद्दा चित्राचाही होता. खिळ्यांची आकृती पाहून कुणालाही ती वेल ओळखता आली नसती. आणि खरं सांगायचं तर त्या आकृतीतलं प्रतीकही मेलं होतं. खिळा काढून त्याला खिळा म्हणण्यात नवल कसलं? नवल हे, की एका वेलीने आपल्या कामासाठी वाढवलेल्या तीन हिरव्या-जांभळ्या दांड्या पाहून कुणाला खिळे आठवावेत आणि कुणाला त्रिमूर्ती. ते नवल टिकायचं असेल तर दांड्या दांड्यांसारख्याच काढायला हव्यात.

वनस्पतिचित्र आणि फुलांचं शोभेचं चित्र यांत इथेच अंतर पडतं. वनस्पतिचित्रावरून जाणकाराला जात ओळखता आली पाहिजे. म्हणून ते बहुधा कोऱ्या कागदावर असतं, शक्यतो जिवंत मापाचं असतं, आणि त्यात कळी, उमललेलं फूल, फळ, पानाची मागची बाजू, मधोमध कापलेलं फूल हे सगळं एकाच पानावर येतं. फोटो एका क्षणाचा असतो. चित्रात चैत्रातलं फूल आणि आषाढातलं फळ शेजारी बसतात. महाराष्ट्रात या कामाचा मोठा पुरावा पुण्याजवळच्या दापोडीचा आहे. तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानासाठी अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून दीडशेहून जास्त चित्रं करून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. झाडांची नावं राहिली, करवून घेणाऱ्याचं नाव राहिलं, काढणाऱ्याचं नाही. त्या काळच्या बहुतेक भारतीय चित्रकारांच्या वाट्याला हेच आलं, आणि याचं वाईट वाटल्याशिवाय ती चित्रं बघता येत नाहीत.

कृष्णकमळ कागदावर उतरवताना

सुरुवात पानापासून करा, फुलापासून नको. आपल्याकडे ‘कृष्णकमळ’ या एका नावाखाली निदान दोन-तीन जाती खपतात. पान पाच-सात बोटांचं आणि कडेला गुळगुळीत असेल तर ती बहुधा पॅसिफ्लोरा सिरुलिया. तीन खंडांचं आणि कडेला बारीक दाते असतील तर इन्कार्नाटा किंवा पॅशनफ्रूट देणारी एड्युलिस. सर्रास होणारी चूक म्हणजे फूल एका वेलीचं आणि पान इंटरनेटवर सापडलेल्या दुसऱ्याच जातीचं. पानाच्या देठावर बारीक गाठी दिसतात का तेही बघा. त्या मधाच्या ग्रंथी, मुंग्या तिथे येतात. फुलाखाली तीन छोटी पानासारखी छदं असतात, ती नुसत्या समोरून काढलेल्या चित्रात हमखास गळतात.

आता दहा ‘पाकळ्या’. त्यांतल्या पाच पाकळ्या आणि पाच निदलं. फूल उलटं करा. ज्यांची पाठ हिरवी आहे आणि टोकाशी मागच्या बाजूला छोटं शिंगासारखं टोक आहे ती निदलं. कळीत हीच पाच बाहेर असतात. वर्तुळाचे ३६० अंश पाचांत वाटले की ७२ येतात. निदलं ७२ अंशांवर, पाकळ्या त्यांच्या बरोबर मधे, म्हणजे शेजारच्या दोन दलांत ३६ अंश. पेन्सिलीने हलकं वर्तुळ काढून या खुणा आधी कराव्यात.

मधला खांब ही या फुलाची खासियत. पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही एका सामाईक दांड्यावर झालरीच्या वर उचललेले असतात. दांड्याच्या माथ्यावर अंडाशय, त्याच्या तळाशी पाच पुंकेसर, अंडाशयाच्या वर तीन कुक्षीवृंतं आणि प्रत्येकाच्या टोकाला गोल कुक्षी. पुंकेसरांची परागकोशं बिजागरीवर बसवल्यासारखी डुलतात आणि फूल उमललं की परागाची बाजू खाली, झालरीकडे वळते. खालून मध पिणाऱ्या भुंग्याच्या पाठीवर पराग लागावा म्हणून ही सोय. नवखे चित्रकार पराग वरच्या बाजूला दाखवतात, कारण पिवळा रंग वर छान दिसतो.

आणि आता या फुलाचं खरं सौंदर्य. पाच आणि तीन एकमेकांत बसत नाहीत. कुक्षीवृंतं १२० अंशांवर, पुंकेसर ७२ अंशांवर. एक कुक्षीवृंत एका पुंकेसराच्या बरोबर वर आणलं तर उरलेली दोन जवळच्या पुंकेसरापासून २४ अंशांनी हुकतात. त्यामुळे फूल कसंही फिरवा, मधला भाग चक्रासारखा एकसारखा होत नाही. नजर तिथे अडकते आणि फिरत राहते. छापील चित्रांत हा अवघडपणा नीटनेटका करून टाकतात. कधी चौथं कुक्षीवृंत येतं, कधी पुंकेसर सहा होतात. जमत नसेल तर संख्या बदलू नका, फूल थोडं फिरवून काढा.

काम करायला वेळ कमी असतो. बहुतेक कृष्णकमळं एका दिवसाची. उमलताना कुक्षीवृंतं वर उभी असतात, मग हळूहळू बाहेर आणि खाली झुकत परागकोशांच्या पातळीपर्यंत येतात, म्हणजे भुंग्याच्या पाठीवर दुसऱ्या फुलाचे पराग असतील तर ते टिपता यावेत. दोन तास पाकळ्या रंगवत बसलात आणि मग मधला भाग काढायला घेतलात तर तोवर त्याची ठेवण बदललेली असेल. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात फक्त मधला खांब पेन्सिलीने पक्का करा. पाकळ्या थांबतील. शक्य असेल तर दोन फुलं तोडा. एक देठासकट पाण्यात, दुसरं नव्या ब्लेडने माथ्यापासून देठापर्यंत उभं चिरण्यासाठी. जुन्या ब्लेडने अंडाशय चिरडतं आणि आतली बीजांडं दिसत नाहीत. हा छेद दुप्पट किंवा तिप्पट मापात काढावा आणि शेजारी मापाची रेघ ओढावी.

फूल समोरून न काढता तिरकं काढलं तर खांब उठून दिसतो, पण मग लंबवर्तुळं सांभाळावी लागतात. देठातून अंडाशयातून जाणारी एक अक्षरेषा आधी ओढा. पाकळ्यांचं, झालरीचं आणि पुंकेसरांचं, तिन्ही लंबवर्तुळांचा आखूड व्यास याच रेषेवर पडला पाहिजे. झालर एका दिशेला कलंडलेली आणि पाकळ्या दुसऱ्या, अशी चित्रं दिसतात ती ही रेषा न ओढल्यामुळे.

झालरीचे सगळे तंतू पेन्सिलीने काढू नयेत. ग्रॅफाइट जांभळ्यात मिसळून मळकट राखाडी होतं. दर दहाव्या तंतूची खूण पुरे. पुढे १ किंवा २ नंबरच्या टोकदार ब्रशने मुळापासून बाहेर एकाच ओढीत तंतू काढायचा, शेवटी दाब सोडायचा. सिरुलियात प्रत्येक तंतू मुळाशी गडद जांभळा, मधे पांढरा, टोकाला निळा असतो. पांढरा पट्टा म्हणजे कोरा कागद, तिथे पांढरा रंग लावायचा नाही. सगळ्या तंतूंचे पट्टे अगदी एका रेषेत आले तर झालर छापील वाटते. तंतू थोडे वाकडे असतात, एखादा दुसऱ्यावर चढलेला असतो. चार-पाच ठिकाणी हे दाखवलं की पुरतं.

जांभळ्यासाठी अल्ट्रामरिन निळा आणि क्विनाक्रिडोन गुलाबी. ट्यूबवर पीबी २९ आणि पीव्ही १९ हे क्रमांक शोधा. अलिझरिन क्रिमझन, म्हणजे पीआर ८३, टाळा. तो उजेडात उडतो आणि काही वर्षांत जांभळ्याचा नुसता निळा उरतो. कृष्णकमळाचा निळा झाला तर बोलायचं काय?

कमळाचं पान आणि लिलीची खाच

कमळाएवढं प्रतीक वाहणारं दुसरं फूल आपल्याकडे नाही, आणि कमळाएवढं चुकीचं काढलेलंही नाही. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या तळ्यात गुलाबी कमळाखाली एका बाजूला खाच असलेली गोल पानं तरंगताना दिसतात. खाच असलेलं पान वॉटर लिलीचं, म्हणजे कुमुदाचं. कमळाच्या पानाला खाच नसते. त्याचा देठ पानाच्या मध्यावर, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो आणि शिरा तिथूनच चहूकडे निघतात. कमळाची पहिली काही पानं पाण्यावर तरंगतात, पण नंतरची पाण्याच्या वर उभी राहतात. दोन्ही वनस्पती तळ्यात शेजारी वाढल्या तरी कूळ वेगळं. ‘नीलकमल’ म्हणून जे फूल आहे तेही कुमुदांपैकीच. खऱ्या कमळात निळा रंग होत नाही.

ओळखीची आणखी एक जागा म्हणजे गाभा. पाकळ्या बाजूला केल्या की झारीच्या तोंडासारखी, वरून सपाट, भोकाभोकांची चकती दिसते. प्रत्येक भोकात एक बी तयार होतं. फूल ताजं असताना ती पिवळसर असते, पाकळ्या गळल्यावर हिरवी होऊन वाढते. देवतेच्या पद्मपीठाची सपाट बैठक फुलातच आहे. लिलीत तसलं काही नसतं.

आता प्रतीकाकडे. गीतेच्या पाचव्या अध्यायात कर्माने न लिंपणाऱ्या माणसाला उपमा दिली आहे ती ‘पद्मपत्रमिवाम्भसा’, पाण्यातल्या कमळाच्या पानाची. उपमा फुलाची नाही, पानाची आहे. आणि ती शब्दशः खरी आहे. पानाच्या वरच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे आणखी सूक्ष्म कण. पाण्याचा थेंब फक्त शेंड्यांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते. थेंब पानाला १५० अंशांहून मोठ्या कोनात भिडतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोळाच राहतो, आणि गडगडताना धूळ उचलून नेतो. जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये हे सविस्तर मांडलं आणि स्वतःहून स्वच्छ राहणाऱ्या रंगांवर, काचांवर काम त्यातून वाढलं.

चित्रकाराच्या दृष्टीने यात एक गोष्ट फार कामाची आहे: कमळाच्या पानावरचा थेंब चपटा काढला तर ते पान कमळाचं राहत नाही. आंब्याच्या किंवा जास्वंदीच्या पानावर पाणी पसरतं, थेंब भिंगासारखा चपटा दिसतो. कमळाच्या पानावर तो पाऱ्यासारखा. खाली हवेचा थर असल्यामुळे त्याची तळाकडची बाजू रुपेरी चमकते. उजेड डावीकडून वरून येतो असं धरा. थेंबात उजेडाच्या बाजूला छोटा कोरा ठिपका ठेवायचा, तीच बाजू आतून गडद करायची, आणि उजव्या-खालच्या बाजूला आतून फिकट उजळ चंद्रकोर. थेंबाची पानावरची सावली बारीक, तळाशी घट्ट. पानाचा रंग निळसर राखाडी झाक असलेला हिरवा. ती झाक मेणाची आहे. पिवळट पोपटी हिरवा वापरला की मेण गेलं, मेणाबरोबर उपमाही गेली.

अडचण मापाची. पान सहज ३० ते ६० सेंटिमीटर रुंद असतं, ए-३ कागदावर जिवंत मापात मावत नाही. सगळंच अर्ध्यावर आणण्यापेक्षा एक कोवळं, दोन्ही कडांनी आत गुंडाळलेलं पान निवडावं. ते होडीसारखं दिसतं, मापात बसतं, आणि पानाची पाठही दाखवतं.

वेळेतून आलेला अर्थ

पारिजातकाचं प्रतीक आकड्यात नाही, वेळेत आहे. फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि पहाटे गळतात. सत्यभामेच्या दारातलं झाड आणि रुक्मिणीच्या अंगणातला सडा, ही गोष्ट अशाच झाडाची होऊ शकते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये त्याला जे लॅटिन नाव दिलं त्यातल्या ‘आर्बर ट्रिस्टिस’चा अर्थ दुःखी झाड. दिवसा फुलांवाचून उभं असतं म्हणून. तेव्हा भर दुपारच्या उजेडात पूर्ण फुललेली पारिजातकाची फांदी काढणं म्हणजे गोष्टच पुसून टाकणं. फांदीवर कळ्या आणि चपटी गोल फळं दाखवावीत, फुलं खाली पडलेली. त्यांतली काही उताणी, काही पालथी, म्हणजे केशरी देठ दिसतो. वनस्पतिशास्त्रात तो देठ नसून पाकळ्या जिथे जुळतात ती नळी आहे, आणि दोन पुंकेसर तिच्यातच लपलेले असतात. पाकळ्या पाच ते आठ, पंख्याच्या पात्यांसारख्या एकाच दिशेने पिळलेल्या. काही उजवीकडे, काही डावीकडे अशा काढू नयेत. फुलं कोमेजू नयेत म्हणून ओल्या कापसावर, झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवली तर काही तास मिळतात.

पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढताना अनेकजण अडतात. राखाडी बाह्यरेषा ओढून प्रश्न सुटत नाही, फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं. फुलामागे पान आणा, कडा पानाचा हिरवा ठरवेल. पाकळीवरच्या सावलीसाठी अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना अगदी पातळ करून. गळ्यापाशी केशरीचा एक कण मिसळा, कारण नळीचा रंग तिथे परावर्तित होतो. एक ठोकताळा उपयोगी पडतो: पांढऱ्या पाकळीतली सर्वांत गडद सावली ही मागच्या पानातल्या सर्वांत फिकट जागेपेक्षा फिकी असावी. हे उलटं झालं की फूल मळलेलं दिसतं.

बेलाचं त्रिदल सगळ्यांना ठाऊक, पण ते सारखं तीन वाटलेलं नसतं. तिन्ही मिळून एकच पान. मधल्या पर्णिकेला लांब देठ, बाजूच्या दोघी जवळजवळ बिनदेठाच्या. एका बिंदूतून निघालेली तीन समान पानं काढली तर ते क्लोव्हर होतं. पूजेला अखंड बेल लागतो. अभ्यासाच्या चित्रात मात्र लिंबाळी फुलपाखराच्या अळीने कुरतडलेली एखादी कड खुशाल ठेवावी, ती अळी बेलावर वाढते आणि कुरतडलेली कड झाडाविषयी खरं सांगते. कैलासपतीचं तर कृष्णकमळासारखंच: झाड दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचं, फुलातली पुंकेसरांची वाकलेली फडी आपल्याला पिंडीवरचा नाग दाखवून गेली आणि झाड शिवमंदिराच्या आवारात रुजलं. हे फूल समोरून काढू नये, फडी बाजूनेच समजते. आणि ते खोडावर येतं, तेव्हा सालीचा तुकडा चित्रात हवाच.

सगळी प्रतीकं रचनेतून येतात असं नाही. फारसी-तुर्की परंपरेत ट्यूलिपला, ‘लाला’ला, मान मिळाला त्यात एक कारण लिपीचं आहे: अरबी लिपीत ‘लाला’ आणि ‘अल्ला’ या शब्दांची अक्षरं तीच. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काश्मीरची फुलं प्रत्यक्ष पाहून काढली. बादशहाने स्वतः त्यांची संख्या शंभरावर सांगितली आहे. ताजमहालाच्या भिंतींवरच्या कोरीव फुलांचं मात्र वेगळं. ती स्वर्गातल्या बागेची आहेत, त्यांतली बरीचशी कुठल्याच एका झाडाची म्हणून ओळखता येत नाहीत, आणि तिथे ते चालतं. नक्षीला झाडाचं देणं नसतं. वनस्पतिचित्राला असतं.

कागद, पावसाळा, पाठीवरची नोंद

कागद ३०० जीएसएम, शंभर टक्के कापसाचा, हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत. खरबरीत कागदावर झालरीचा तंतू मधेच तुटतो. पेन्सिल २एच, रेखाटन वेगळ्या कागदावर करून ट्रेसिंगने उतरवलेलं; मूळ कागदावर खोडाखोड केली की पृष्ठभाग उठतो आणि रंग तिथे डाग धरतो. पहिले दोन-तीन थर पातळ, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने शिरा आणि लव. पारिजातकाचं खरखरीत पान या कोरड्या ब्रशनेच जमतं.

कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात वेगळाच ताप होतो. कागद हवेतलं पाणी ओढतो, थर वाळायला दुप्पट वेळ घेतो, आणि अर्धवट ओल्या थरावर दुसरा लावला की पाणी मागे सरकून फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडा उमटतात. घाई न करता हाताची पाठ कागदाला लावून बघावी. गार लागला तर अजून ओला आहे. काम झालेले कागद आडवे, आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पेटीत ठेवावेत. नाहीतर दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके येतात आणि ते निघत नाहीत.

चित्राच्या मागे पेन्सिलीने शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, गाव, तारीख, माप, आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक लिहावेत. पारिजातक आणि कृष्णकमळासाठी वेळही लिहावी. कुक्षीवृंतं उभी असलेलं आणि तीच पार झुकलेली, अशी दोन चित्रं कधी शेजारी आली तर पाहणाऱ्याला ती दोन वेगळ्या जाती वाटतील. मागे ‘उमलताना’ आणि ‘चार तासांनंतर’ एवढं लिहिलेलं असलं की ते एकाच वेलीवरचं, एकाच दिवसाचं फूल आहे हे कळतं.